‘सेट’चे 430 अर्थ पाठ करायला लावणाऱ्यांसाठी

काल ताईकडे गेले तर भाची वहीत डोकं खुपसून बसलेली. सातवीत आहे. वहीत डावीकडे आकडे, उजवीकडे शब्द. 12. सेट - पुट. 13. सेट - प्लेस. 14. सेट - ले. अशी 37 पर्यंत पोचली होती बिचारी. म्हटलं हे काय चाललंय, तर म्हणे बाबांनी सांगितलंय, रोज दहा करायचे, दीड महिन्यात 430 होतात. आणि हे 430 आले कुठून? तर त्या फॉरवर्डमधून.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. इंग्रजीतल्या ‘सेट’ या छोट्याशा शब्दाला 430 अर्थ आहेत आणि हा विश्वविक्रम आहे. हा शब्द शेक्सपियरने घडवला. भांड्यांचा सेट, टीव्ही सेट, सनसेट हा सगळा एकच शब्द. मराठीत एका शब्दाला एकच अर्थ म्हणून आपली भाषा मागे पडली. आणि शेवटी, हे 430 अर्थ पाठ करा, इंग्रजी तुमच्या मुठीत! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

भाऊजींशी वाद घालून झाला. ते म्हणाले, ‘अहो पण विश्वविक्रम आहे.’ म्हणून आता इथे लिहितेय.

शेक्सपियरचं आधी उरकते कारण त्यात काही दमच नाही. माणूस जन्मला 1564 साली. हा शब्द त्याच्या काही शतकं आधी, जुन्या इंग्रजीत ‘सेत्तान’ म्हणून नांदत होता. संपलं.

आता आकडा. तो हवेतून आलेला नाही हे नाइलाजाने मान्य करते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती 1989 ला आली, वीस खंडांची, त्यात सगळ्यात लांब नोंद ‘सेट’चीच होती, 430 च्या वर अर्थ आणि नोंदीची लांबी साधारण 60,000 शब्द. साठ हजार! एका शब्दावर अख्खी कादंबरी होईल एवढा मजकूर. पण गंमत अशी की हे 430 एकट्या क्रियापदाचे आहेत, भांड्यांचा सेट आणि टीव्ही सेट त्यात नाहीतच, ते नाम, त्याची नोंद वेगळी. म्हणजे फॉरवर्डवाल्याने आकडा घेतला एकाचा आणि उदाहरणं दिली भलत्याचीच. शिवाय विक्रमही शिळा झालाय. त्याच डिक्शनरीने 2011 मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली, पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला एका शब्दासाठी नऊ महिने लागले, आणि नुसत्या क्रियापदाचे अर्थ निघाले 645. तेव्हा भाऊजी, पाठच करायचं तर निदान ताजा विक्रम तरी घ्यायचा.

आणि हा आकडा म्हणजे काय झाडाची फळं मोजल्यासारखा नसतो. ऑक्सफर्डची ही मोठी डिक्शनरी इतिहासाची आहे, एकदा आत आलेला अर्थ ती सहसा बाहेर काढत नाही, मग तो शब्द त्या अर्थाने वापरणारा शेवटचा माणूस मरून तीनशे वर्षं का होईनात. त्या 430 मध्ये असे मेलेले अर्थही धरलेले आहेत. वर घड्याळ सेट करणे आणि सापळा सेट करणे हा एक अर्थ की दोन, हे संपादक ठरवतो. एक संपादक कांदा सोलल्यासारखे पदर काढत जाईल, दुसरा सगळं एका गठ्ठ्यात बांधेल. म्हणून तर शाळेच्या दप्तरातल्या छोट्या डिक्शनरीत याच शब्दाचं काम थोडक्यात उरकलेलं असतं आणि मुलांचं काही अडत नाही.

‘सगळा एकच शब्द’ हेही चूक. सूर्य मावळतो तो सेट मूळचा इंग्रजीच. वस्तूंचा संच या अर्थाचा सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे कुणाच्या तरी मागे जाणारे लोक, पंथ. इंग्रजीतला ‘सेक्ट’ त्याचाच भाऊ. दोन वेगळ्या घरचे शब्द दिसायला सारखे झाले आणि पुढे एकमेकांत मिसळले. आपल्याकडे नाही का, झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान एका घरचं, मूळ ‘पर्ण’, पण विषपानातलं पान ‘पिणे’वालं. ते मोजताना कुणी एकत्र धरत नाही.

बरं, मराठी शब्दाला एकच अर्थ असतो हे ज्याने लिहिलं तो माणूस मराठीतच लिहीत होता ना? मला ह्याचाच जास्त राग आला. ‘बसणे’ घ्या. आवाज बसला. धक्का बसला. विश्वास बसला. दंड बसला. टायर बसला. पुस्तकांवर धूळ बसली. दोरीला गाठ बसली. शर्ट अंगात बसतो. मुलगी परीक्षेला बसली. हिशोब बसत नाही. धंद्यात जम बसला, आणि त्याच धंद्याबद्दल दोन वर्षांनी म्हणायचं, धंदा बसला. आणि मी इथे फॉरवर्डना उत्तरं देत बसलेय, यात खुर्चीचा संबंध नाही, मी हे उभ्याने टाइप केलं असतं तरी ‘देत बसले’च म्हटलं असतं. हे सगळं एका दमात आठवलेलं आहे. ‘लागणे’ आणि ‘पडणे’ला तर मी हातच लावत नाही. रोज वापरातल्या छोट्या क्रियापदांचं कुठल्याही भाषेत असंच होतं, जी भांडी रोज घासली जातात त्यांनाच पोचे येतात. तेव्हा अर्थ जास्त म्हणून इंग्रजी श्रीमंत असेल तर आपणही काही भीक मागत फिरत नाही.

आता ते पाठांतर. बाकी सगळं हसून सोडून दिलं असतं, पण इथे एका पोरीचा रोजचा अर्धा तास जातोय. मी तिला 13 नंबर झाकून विचारलं, ‘पुट आणि प्लेसमध्ये फरक काय गं?’ तिला सांगता येईना. म्हणजे सेटचा अर्थ म्हणून तिने असे शब्द पाठ केले होते ज्यांचेच अर्थ तिला धड माहीत नव्हते. 22 नंबरला लिहिलं होतं ‘सेट - हार्डन’. काय हार्डन होतं, कधी होतं, काही नाही. ओलं सिमेंट हळूहळू घट्ट होतं ना, ते सेट होणं, असं सांगितल्यावर म्हणाली, ‘मग असं लिहायचं ना!’

वाक्याशिवाय अर्थ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि दारांचा पत्ता नाही. आणि ‘सेट’ तर एकटा क्वचितच सापडतो. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणे, ‘सेट इन’ म्हणजे पाऊस किंवा थंडी मुक्कामाला येणे. हे त्या जोडीने, वाक्यातच शिकायचे. यादीतून शिकाल तर परीक्षेत लिहाल आणि बोलताना त-त-प-प कराल.

मग मी तिला एक सांगितलं, जे मला स्वतःला फार उशिरा कळलं. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे मूळचं त्याचंच करायला लावणारं रूप. बसणे, बसवणे. सिट, सेट. पार लांबच्या नात्याने संस्कृतमधला ‘सद्’ धातूही ह्याच कुळातला. तिला म्हटलं आता सेटच्या जागी बसवणे घालून बघ. डॉक्टर हाड सेट करतो, आपण म्हणतो हाड बसवलं. अंगठीत हिरा सेट करतात, आपण म्हणतो खडा बसवला. सगळीकडे नाही जमत हां, कबूल. गजर आपण लावतो, सापळाही लावतो, कवितेला चालही लावतो, आणि इंग्रजीत या तिन्हीला सेट. पेपर आपण काढतो, तारीख ठरवतो, तिथेही सेट. पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी आपापल्या जागी नेऊन पक्कं करणं आहे, ते एकदा दिसलं की निम्मे अर्थ न पाठ करता ओळखू येतात.

तिने वहीतल्या 37 ओळींवर पेन्सिलने आडवी रेघ मारली (भाऊजी घरात नव्हते), नवीन पान काढलं, वर ‘सेट = बसवणे’ लिहिलं आणि थोडा वेळ पेन्सिल चावत राहिली.

‘मावशी, मग सन सेट म्हणजे सूर्य बसला?’

‘जवळजवळ,’ म्हटलं.