गुरुवारचे सहा फटके

"मेजर गुरुवारी जिंकता येत नाही, फार तर हरता येते." गोल्फ बघणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. (मेजर म्हणजे गोल्फच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक : गुरुवार ते रविवार रोज अठरा होल, आणि चार दिवसांत सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो.) पहिल्या दिवशी कोणी जबरदस्त खेळून गेला की समालोचक हीच टेप लावतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि माझ्याकडे त्यासाठी साधा बेरीज-वजाबाकीचा पुरावा आहे.

२०२४ ची पीजीए चॅम्पियनशिप ही मेजर घ्या. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचं व्हलहाला मैदान, पार (अपेक्षित फटके) ७१. अमेरिकेचा झँडर शॉफली तिथे आला तो आदल्याच रविवारी क्वेल हॉलो मैदानावरच्या स्पर्धेत रोरी मॅकिलरॉयकडून पाच फटक्यांनी मार खाऊन. नावावर ऑलिंपिकचं सुवर्ण, पण मेजर एकही नाही. 'खेळतो छान, पण शेवटी ढेपाळतो' असा शिक्का बसलेला. गुरुवारी सकाळी दहाव्या होलपासून त्याने सुरुवात केली आणि ६२ करून परत आला. नऊ बर्डी (होलच्या पारपेक्षा एक फटका कमी), बोगी (एक जास्त) एकही नाही. तीन फटक्यांची आघाडी. दुसऱ्या क्रमांकावरच्या ६५ वाल्यांमध्ये आपल्या तेलुगू मंडळींचा लाडका साहित थीगालाही होता.

पण प्रतिक्रिया काय? "बघू रविवारी."

आता रविवार संपल्यानंतरचा तक्ता बघा. शॉफली : ६२, ६८, ६८, ६५, एकूण २६३. दुसरा आलेला ब्रायसन डिशाम्बो : ६८, ६५, ६७, ६४, एकूण २६४. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून डिशाम्बोने शॉफलीपेक्षा पाच फटके कमी घेतले. तीन दिवस सरस तो होता! शॉफलीकडे डिशाम्बोवरच्या आघाडीचे गुरुवारचे सहा फटके होते. सहातून पाच गेले, उरला एक, आणि त्या एका फटक्यावर चषक. पुरुषांच्या मेजरमधली तोवरची सगळ्यात कमी धावसंख्या, सॉरी, फटकेसंख्या (क्रिकेटची सवय जात नाही).

लोकांच्या लक्षात मात्र अठरावं होल राहिलं. चेंडू बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) कडेला गवतात, पाय बंकरमध्ये, चेंडू पावलांपेक्षा उंच. तिथून तो कसाबसा पुढे काढला, मग चिप (छोटा उचललेला फटका) आणि सहाएक फुटांचा पट (चेंडू घरंगळवत मारलेला फटका), जो कपाच्या, म्हणजे भोकाच्या, डाव्या कडेला लागून आत गेला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, आणि मीसुद्धा श्वास रोखूनच बघत होतो. तो पट थोर होता, वादच नाही. पण तो बर्डीसाठीचा पट होता, आणि त्या एका बर्डीने सामना जिंकावा अशी वेळ आणली ती गुरुवारच्या नऊ बर्डींनी.

विरोधी उदाहरणं आहेत, आणि तगडी आहेत. याच शॉफलीने वर्षभर आधी, २०२३ च्या यूएस ओपनला लॉस एंजेलिस कंट्री क्लबवर पहिल्या दिवशी ६२ केले होते. त्याच सकाळी रिकी फाउलरनेही. शेवटी शॉफली संयुक्त दहावा आणि फाउलर संयुक्त पाचवा. ग्रेग नॉर्मनचं १९९६ चं मास्टर्स तर विचारूच नका : सुरुवात ६३, शेवट ७८. आणि रोरी, २०१० ची ओपन (ब्रिटनमधली मेजर), सेंट अँड्र्यूज : गुरुवारी ६३, शुक्रवारी ८०! ते ८० मात्र बरंचसं वाऱ्याचं देणं होतं. गुरुवारी सकाळी शांत हवेत खेळायला मिळणं आणि शुक्रवारी दुपारी समुद्रावरचा वारा वाट्याला येणं, यात नशीब असतंच. खेळ काही वेळ थांबवावा लागला होता. तरीही रोरी संयुक्त तिसरा आला, आणि तो आला त्या ६३ च्या जोरावर. हे कोणी सांगत नाही. सगळे ८० वर हसतात.

माझं म्हणणं एवढंच, की रविवारी दडपण जास्त असतं म्हणून रविवारचा फटका हिशेबात जड होत नाही. कसोटीच्या पहिल्या सत्रात काढलेल्या धावा पाचव्या दिवशी कमी धरत नाहीत. उलट बहुतेक मेजरमध्ये गुरुवारी दीडशेच्या आसपास खेळाडू मैदानात असतात, कट (दोन दिवसांनी मागे पडलेल्यांना वगळणं) झालेला नसतो, आणि कोणालाही जिंकायला पूर्ण वाव असतो. त्या गर्दीत सगळ्यांत पुढे राहणं ही काय किरकोळ गोष्ट आहे?

आपल्या शुभंकर शर्माचं २०२३ च्या ओपनमधलं पहिलं ६८ आठवतंय का कोणाला? इंग्लंडमधल्या हॉयलेकला, आघाडीपासून फक्त दोन फटके मागे. पुढे तो संयुक्त आठवा आला. ओपनमध्ये भारतीयाची ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी. त्या गुरुवारी नंतरचा विजेता ब्रायन हार्मन ६७ वर होता, शुभंकरच्या एकच फटका पुढे. हार्मनने मग शुक्रवारी ६५ मारले आणि आघाडी घेतली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणजे शुक्रवारी जिंकता येते, हे तरी मान्य करा. मग गुरुवारीच काय घोडं अडलंय?