मोठी राईड कधी?

मागच्या आठवड्यात कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. सायकलचा विषय निघाला. म्हटलं, रोज सकाळी जाते, टेकडीमागच्या पुलापर्यंत आणि परत, १४ किलोमीटर. ती म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण मोठी राईड कधी?"

तीन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसूही येत नाही. म्हणजे रोजचं जाणं ही नुसती रंगीत तालीम, नाटक अजून व्हायचंच आहे. तिला तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

तर आधी रोजचे १४ किलोमीटर. पावणेसहाला घराबाहेर, सातच्या आत घरात, कारण सव्वासातला मुलाची बस. या वेळेत बसेल तेवढीच राईड. पुलाच्या पुढे रस्ता फार सुंदर आहे असं लोक सांगतात. मी तो पाहिलाय एकूण चार वेळा.

सुरुवातीला मला वाटायचं की जाताना वारा समोरून असला तर काय बिघडलं, येताना पाठीवर असेलच, हिशेब फिटला. फिटत नाही. सात किलोमीटर ताशी १० च्या वेगाने गेलात तर ४२ मिनिटं जातात, तेच सात किलोमीटर ताशी २० ने आलात तर २१. मिळून ६३ मिनिटं. वारा नसता आणि सगळं अंतर १५ ने कापलं असतं, तर ५६ मिनिटांत घरी. म्हणजे वाऱ्याने सात मिनिटं खाल्ली, आणि ज्या घरात सव्वासातला बस येते त्या घरात सात मिनिटं म्हणजे काय ते मी सांगायला नको. शिवाय तुम्ही जितकं जोरात जाल तितकी हवा जास्त अडवते, आणि तीही सरळ हिशेबाने नाही: वेग दुप्पट केला की अडवणूक चौपट. म्हणून समोरून वारा असताना ईर्ष्येने पेडल मारणारा माणूस मला आता भिंतीशी भांडणाऱ्यासारखा दिसतो. गिअर हलका करायचा, मान खाली, आणि गप जायचं. दोन रस्ते असतील तर वारा जाताना समोरून येईल तो निवडायचा, म्हणजे दमल्यावर तोच पाठीवर हात ठेवून घरी सोडतो.

हे मी कुठल्या मोठ्या प्रवासात शिकले नाही. त्याच पुलाच्या वाटेवर, तीनशे-चारशे वेळा जाऊन शिकले.

काट्याचंही तसंच. पहिल्या पावसाळ्यात मागचं चाक बसलं. व्हिडिओ बघून शिकले होते, मोठ्या ऐटीत ट्यूब बाहेर काढली, भोक शोधलं, घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच दाबला, हवा भरली आणि निघाले. दोनशे मीटरवर चाक परत जमिनीवर. काटा टायरमध्येच होता! ट्यूब सांधायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं (हळू, नाहीतर ते बोटही पंक्चर होतं) हे व्हिडिओतल्या गृहस्थांनी सांगितलं असणार, मी पुढे ढकलत बघितला होता. त्या दिवशी सायकल ढकलत घरी आले. बस चुकली. मुलगा खूश.

हो, मोठी राईडही केली आहे. गेल्या हिवाळ्यात तिघीजणी, चार दिवस, २६० किलोमीटर. मैत्रिणीला ते सांगितल्यावर तिचे डोळे चमकले आणि मग "काय काय घडलं ते सांग ना" सुरू झालं. काय घडलं? दुसऱ्या दिवशी बरोबरच्या एकीचं चाक बसलं, मी टायरमधून बोट फिरवलं, तारेचा बारीक तुकडा निघाला, वीस मिनिटांत पुढे. तिसऱ्या दिवशी नेमका उतारावर पाऊस. आमच्या सायकलींचे ब्रेक रिमवर घासणारे. ओल्या रिमवर हे ब्रेक आधी नुसतं पाणी पुसतात आणि मग धरतात, त्यामुळे वळण यायच्या बऱ्याच आधीपासून थोडे थोडे दाबत राहावे लागतात. तेही पावसाळ्यातल्या सकाळींनी शिकवलेलं. आणि चौथ्या दिवशी माझा गुडघा पुढून दुखायला लागला. गोळी घेऊ का, परत फिरू का, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. मग एका चढावर जाणवलं की पाय आज पुरता सरळ होत नाहीये. उतरून बघितलं तर सीट बोटभर खाली सरकली होती. सीटच्या दांड्यावर मी घरीच चिकटपट्टीची खूण करून ठेवली होती, ती आत गेलेली. वर ओढली, बोल्ट आवळला, दुपारपर्यंत गुडघा निवला. ज्यांनी खूण केलेली नाही त्यांच्यासाठी: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. सुरुवातीला एवढं पुरतं.

चार दिवसांत मी नवीन काही शिकले असेन तर ते सामान कमी न्यायचं हे. बाकी सगळं घरून नेलेलं होतं.

आता मोठ्यांच्या गोष्टी. मला जगप्रवासी सायकलस्वारांबद्दल वाचायचा नाद आहे, आणि त्याहून वाईट नाद म्हणजे भागाकार करायचा. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. वाळवंटं, डोंगर, जंगलं, मिळून सुमारे ७१,००० किलोमीटर. आकडा ऐकूनच दडपायला होतं. पण साडेचार वर्षांना महिना कमी धरून भागून बघा, दिवसाला साधारण ४४ किलोमीटर पडतात! त्याआधी थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस, ज्याचं पुढचं चाक छातीएवढं उंच होतं अशा सायकलवरून, १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरमध्ये योकोहामाला पोचला. सायकलने जगाला फेरी मारणारा तो पहिला. सुमारे २१,७०० किलोमीटर, त्यातलं बरंचसं अंतर सायकल ढकलत चालून. दिवसाला पडतात २२.

सरासरी फसवी असते, मला माहीत आहे. कुठल्या दिवशी शंभर, कुठल्या दिवशी ताप आणि शून्य, आणि कित्येक दिवस जहाजावर. त्यांचा पराक्रम मी एका कॅल्क्युलेटरने लहान करत नाहीये. पण ४४ किलोमीटर एका दिवसात जाणारे पाय माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांकडे आहेत. साडेचार वर्षं मात्र कोणाकडेच नाहीत. म्हणून कोणी "तुझ्यात हिंमत आहे हो" म्हणालं की मला अवघडायला होतं. चार दिवस निघायला हिंमत फार लागली नाही. चार दिवस मिळवायला तीन महिने लागले.

आणि इथे जरा तिरकी होते. १८९४ मध्ये बॉस्टनहून अ‍ॅनी कोपचोव्स्की नावाची बाई सायकलवर जगप्रवासाला निघाली. प्रवासातलं तिचं नाव अ‍ॅनी लंडनडेरी, कारण त्या नावाच्या पाण्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी १०० डॉलर दिले होते. घरी नवरा आणि तीन लहान मुलं. निघताना लांब घागरा आणि १९ किलोंची बायकांची सायकल. शिकागोला पोचल्यावर तिने दोन्ही टाकले आणि साधारण निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली. पुढचा बराच प्रवास बोटीने केला, किस्से मीठमसाला लावून सांगितले, तेही मला आवडतं. पण तिच्याबद्दल कोणालाही सांगा, पहिला प्रश्न येतो, "आणि मुलं?" त्या तिघा पारशी तरुणांबद्दल सांगताना मला घरचं कोणी बघितलं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी चार दिवसांनी परत आले तेव्हा सोसायटीच्या जिन्यात भेटलेल्या पहिल्या तिघांनी हेच विचारलं, मुलाचं कोणी केलं? त्याच्या बापाने केलं. दोघंही जिवंत होते.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राईस या माणसाने मानहाइममध्ये आपलं दोन चाकांचं लाकडी यंत्र रस्त्यावर आणलं. पेडल नव्हतं, पाय जमिनीवर रेटत जायचं. ही सायकलची आजी. तो त्यावरून शहराबाहेरच्या एका टप्प्यापर्यंत गेला आणि परत आला. जाऊन-येऊन १३-१४ किलोमीटर, तासाभरात. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी एकटीच मोठ्याने हसले. माझाच पूल! त्याला घरी कोणाची बस गाठायची होती का, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

मैत्रिणीला काल यातलं निम्मं फोनवर ऐकवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, माझीपण आहे गं एक, बाल्कनीत, वर्षभर हात लावलेला नाही, दोन्ही चाकं बसलीत. शनिवारी पंप घेऊन जाणार आहे. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, पण वर्षभराच्या धुळीखाली दिसायचं नाही. एक ओलं फडकंही घेते.