मित्रराष्ट्राच्या सीमेवर उभा असलेला प्रवासी

मार्च 2025 मध्ये जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकेविषयीच्या प्रवास सूचनेत भर घातली, की ‘एस्टा’ची (व्हिसाशिवाय अमेरिकेत जाण्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन पूर्वपरवानगीची) मंजुरी किंवा व्हिसा हाती असला तरी प्रवेश मिळेलच असे नाही, अंतिम निर्णय सीमेवरील अधिकाऱ्याचा असतो. त्याआधी काही जर्मन नागरिकांना तिथे प्रवेश नाकारून ताब्यात ठेवले गेले होते. हा प्रवास टाळण्याचा इशारा नाही, असे मंत्रालयाने सांगूनही, 1955 पासून नाटोत एकत्र असलेल्या दोन देशांचे बिनसले, असाच अर्थ अनेकांनी काढला. मला हा अर्थ अजिबात पटत नाही.

प्रवास सूचना ही आपल्या नागरिकासाठी लिहिलेली असते, आणि मित्रराष्ट्र दुखावेल म्हणून तिच्यातले एखादे वाक्य गाळणे म्हणजे आपल्याच माणसाला अंधारात ठेवणे होय. अमेरिकेनेही दहशतवादाचे कारण देऊन जर्मनीला आपल्या प्रवास सूचनांच्या चार धोका-पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीवर ठेवले होते. त्यावरून कोणी मैत्री तोडली नाही.

व्हिसामाफीमुळे जर्मन प्रवाशाला अमेरिकेत 90 दिवस राहता येते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र अर्ज भरताना ज्या अटीवर आपण घाईघाईने खूण करतो, ती फार थोडे लोक वाचतात. प्रवेश नाकारला गेला किंवा परत पाठवले गेले, तर आश्रयाची मागणी वगळता, त्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क प्रवासी तिथेच सोडून देतो. लांबच्या प्रवासाने थकलेला माणूस खिडकीपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती खरोखर किती कमी असते, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगायला हवे.

त्याच्या हाती उरतो तो वाणिज्य दूतावासांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराचा आधार. त्याच्या कलम 36 नुसार, ताब्यात घेतलेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि तो तिला विनाविलंब सांगणे बंधनकारक आहे. ॲरिझोनात 1982 मध्ये खुनाच्या गुन्ह्यात पकडलेल्या लाग्रँड या दोन जर्मन नागरिक बंधूंना हे वेळेवर सांगितलेच गेले नाही. जर्मन दूतावासाला त्यांची माहिती दहा वर्षांनी मिळाली, 1999 मध्ये दोघांनाही मृत्युदंड दिला गेला आणि 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेने करार मोडल्याचा निर्णय दिला. गुन्हा गंभीर होता, तरी हक्क हक्कच होता. त्या प्रकरणात जर्मनीने आपल्या सर्वात मोठ्या मित्राला न्यायालयात उभे केले, आणि मैत्री टिकली.

म्हणूनच माझी आग्रहाची मागणी आहे की प्रत्येक देशाने आपल्या प्रवास सूचनेत, अगदी जवळच्या मित्राविषयीच्या सूचनेतही, कलम 36 चा हक्क आणि दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक सर्वात वर, ठळक अक्षरांत छापावा.