सगळं राहुरीलाच कशाला?

कामशेतच्या कट्ट्यावर पुन्हा तोच विषय. बापूचं म्हणणं, कृषी विद्यापीठ राहुरीला आहे ना, मग जागोजागची संशोधन केंद्रं मोडा, जमीन विका. बापूचा व्यवसाय ठाऊक असल्यामुळे कुणी दचकलं नाही. त्याला भाताच्या खाचरातही प्लॉटच दिसतात.

"नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे आहेत या विद्यापीठाकडे," सुमनताई म्हणाल्या. "महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेरा रोगाचं केंद्र आहे. तिथली गार, दमट हवा राहुरीला टेम्पोत भरून नेणार का? रोगच आला नाही, तर कुठला वाण टिकतो हे कळायचं कसं?"

"ताई, पण खर्च..."

"इंद्रायणी रोज खातोस ना? आपल्या वडगावच्या केंद्रातली ती, १९८७ची. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन वाणांचा संकर. संकर केला म्हणजे वाण झाला असं नसतं. सहा-सात पिढ्या निवड करावी लागते, आणि ती इथल्याच पावसात. राहुरीला पाऊस असतो कुठे?"

शिवादादांनी पुस्ती जोडली, "विद्यापीठ १९६८चं, पाडेगावचं ऊस केंद्र १९३२चं. मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळची, तीही विद्यापीठाच्या आधीची. केंद्रं आधी, राहुरी मागनं."

"मग माझी इंद्रायणी का फसली?" बापू उसळला. "अर्धं भात उंच, अर्धं बुटकं!"

"पिशवीला टॅग कुठल्या रंगाचा होता?" ताईंनी विचारलं.

"टॅग? मेव्हण्यानं दिलेलं बी..."

"म्हणजे भेसळ! पैदासकार म्हणजे मूळ बियाण्याला सोनेरी-पिवळा टॅग, त्यापासून वाढवलेल्या पायाभूतला पांढरा, आणि त्यातून शेतकऱ्यासाठी केलेल्या प्रमाणितला निळा. शेतकऱ्यानं निळा बघून घ्यायचं. मग दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं. तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं. तळाचं चांगल्या पाण्यानं दोनदा धुवायचं, नाहीतर मिठानं उगवण मार खाते. सावलीत वाळवून मगच रोपवाटिकेत. केंद्रात रिकाम्या खुर्च्या आहेत, त्या भरा म्हण की! विका काय म्हणतोस?"

"हा काय म्हणणार," शिवादादा म्हणाले, "दरसाल बांध कोरून माझी वीतभर जमीन खातो. याला केंद्राची जमीन दाखवली तर रात्रीत कुंपण सरकवेल."

"बांध तुमच्या बैलानं ढासळवला!"

"बैल विकून नऊ वर्षं झाली, बापू!"

चहावाल्याच्या हातातली किटली हसण्यानं हिंदकळली. बापू तावातावानं सात-बारा आणायला घरी निघाला.