राख काच चढवते, पण तुम्ही सांगाल तिथे नाही

‘लाकडाच्या भट्टीत झिलई लावणं म्हणजे भट्टीचाच अपमान. राख उडते, भांड्यावर बसते, वितळते आणि आतून-बाहेरून आपोआप काच चढते. रसायनं नाहीत, म्हणून विषही नाही. जुने कुंभार हेच करत आले.’

भट्टीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर पडतानाच्या फोटोखाली हा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. मला तो चार-पाच जणांनी पाठवला, तेव्हा सोडून दिला. पण गेल्या आठवड्यात एक नवशिकी मुलगी तो वाचून चार किटल्या घेऊन आली. कच्च्या भाजलेल्या, आतून-बाहेरून कोऱ्या, म्हणजे झिलई (भाजताना वितळून भांड्यावर बसणारा काचेचा थर) न लावलेल्या. ‘झिलई लावायचीच नाही ना?’ म्हणाली. मग लिहायला बसलो.

आधी त्यातलं खरं. राखेची काच होते, यात वाद नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम असतं, जोडीला पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडं फॉस्फरस. मातीत सिलिका आणि ॲल्युमिना. सिलिका एकटी वितळवायची तर १७०० अंशांच्या वर जावं लागेल, पण कॅल्शियम, ॲल्युमिना आणि सिलिका नेमक्या प्रमाणात एकत्र आले की ११७० अंश सेल्सिअसच्या आसपासच पाघळायला लागतात. म्हणून १२५० ते १३०० अंशांच्या भट्टीत भांड्याच्या खांद्यावरची राख हिरवट काच होऊन ओघळते. जपानमधल्या बिझेनचे कुंभार झिलई लावत नाहीत, हेही खरं. पण ते भट्टी दहा-दहा दिवस, कधी दोन आठवडे पेटती ठेवतात, आणि त्यांची माती एवढी घट्ट भाजते की पाणी धरायला तिला झिलई लागत नाही. मजकुरात बिझेनची ऐट घेतली आहे, दोन आठवड्यांचं जागरण मात्र गाळलं आहे.

‘आपोआप’ हा शब्द इथेच लंगडा पडतो. दहा-बारा तासांत उरकणाऱ्या छोट्या भट्टीत उडणारी राख ती किती? समोरच्या भांड्यांवर थोडे ठिपके, मागच्यांवर नुसती लाली. आणि भट्टी हजार अंशांपर्यंतच जाणार असेल तर राख राखच राहते. बोट फिरवलं की बोटाला येते.

आता ‘आतून-बाहेरून’. माझा सगळ्यात मोठा आक्षेप याच शब्दावर आहे. राख ज्वाळेवर स्वार होऊन येते आणि ज्वाळेचा वेग जिथे मंदावतो तिथे खाली बसते, वाऱ्यावरची धूळ बसते तशी. चुलीसमोरचं, म्हणजे भट्टीत लाकूड जळतं त्या जागेसमोरचं भांडं राखेत बुडतं, त्याच्या आडोशाला ठेवलेलं कोरडं राहतं. एकाच भांड्याचं तोंड काचेने चमकतं आणि पाठ विटेसारखी रुक्ष असते. अरुंद गळ्याच्या भांड्यात तर ती शिरतच नाही. माझ्याकडे एक बाटली होती. खांद्यावरून तीन हिरवे ओघळ, अगदी पोटापर्यंत, त्यातल्या एकाच्या टोकाला थेंब गोठलेला. बघणारा प्रत्येक जण ती हातात घ्यायचा. एकदा ती फुटली आणि आतली बाजू पहिल्यांदा दिसली: खरखरीत, तपकिरी, तेलाचा जुना डाग मुरलेला. काचेचा मागमूस नाही. पोटॅशियमची वाफ थोडीफार आत पोचते, एखादी पुसट चमक देते, पण तिच्यावर भिस्त ठेवून त्यात काही ओतावं अशी ती नव्हे.

किटलीचं तर झाकणही बंद असतं. म्हणून लाकडाची भट्टी लावणारे कितीतरी जण आतून झिलई ओततात, घोळवून बाहेर काढतात आणि बाहेरची बाजू राखेवर सोडतात. त्याने भट्टीचा कसला अपमान होतो, मला कळलेलं नाही.

उलट लाकडाच्या भट्टीसाठी झिलई निवडणं हेच जास्त डोक्याचं काम आहे, कारण वरून येणारी राख त्या झिलईत मिसळते. म्हणजे भट्टी चालू असताना कुणीतरी तुमच्या कृतीत मूठ-मूठ कॅल्शियम टाकत बसलेलं असतं. विजेच्या भट्टीत शहाण्यासारखी वागणारी एक काळी, लोहाची झिलई मी पहिल्यांदा लाकडावर नेली तेव्हा वाडगा चुलीच्या बाजूला ठेवला होता. राखेने ती एवढी पातळ केली की वाडग्याचा तळ भट्टीतल्या फळीला, म्हणजे भांडी मांडायच्या लादीला, चिकटून बसला. छिन्नीने सोडवला. वाडगा गेला, फळीचाही टवका उडाला. तेव्हापासून पुढे घट्ट झिलई, म्हणजे जिच्यात मातीचा अंश जास्त आहे ती, ओघळणारी मागे. बुडाशी दोन बोटं जागा कोरी. भांड्याखाली ॲल्युमिना आणि केओलिन (पांढरी चिनी माती) समप्रमाणात मळून केलेल्या गोळ्या. झाकणाच्या कडेखालीही त्याच, नाहीतर राख झाकणाला कायमचं सील करते. समुद्री शिंपले वापरले तर त्यांचा ठसा फार सुरेख उठतो, पण शिंपल्याचा चुना झालेला असतो, तो भट्टी उघडल्यावर धुऊन काढावा लागतो. आणि तापमान दाखवणारे कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके? राखेच्या वाटेत ठेवले तर तेही राख खाऊन वेळेआधीच वाकतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

राखेचाच रंग हवा असेल तर ती बादलीत कालवून लावता येते. राख ४० भाग, फेल्डस्पार (झिलईला वितळवणारी दगडाची भुकटी) ४०, माती २० ही सुरुवातीला धरायला चांगली कृती आहे. मात्र राख कशाची ते बघा. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिकाच असते. ती एकटी १३०० अंशांनाही वितळत नाही, आणि झिलईत घातली तर पांढरट, दुधी दिसते. झाडाच्या राखेच्या जागी ती घातली तर दुसरीच झिलई हाती येईल.

‘रसायनं नाहीत, म्हणून विष नाही’ याला फार वेळ द्यायला नको. राख पाण्यात कालवून हात घालून बघा. नको, घालूच नका. तो खार आहे, कातडी सोलवटते. हातमोजे घाला, कोरडी राख चाळताना मास्क लावा. रंगवलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड भट्टीत गेलं तर त्यातलं आर्सेनिक राखेत आणि धुरात उतरू शकतं. शिवाय कॅल्शियमने गच्च भरलेली, मंद दिसणारी झिलई आंबट पदार्थांपुढे टिकेलच असं नाही. लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथे फिकट डाग दिसला तर ते भांडं फुलांसाठी. डाग पडला नाही म्हणून शिसं नाही असं मात्र समजू नका, त्याला प्रयोगशाळाच लागते.

राहिले ‘जुने कुंभार’. चीनमध्ये शांग काळातच, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, कुंभार राखेची झिलई मुद्दाम कालवून लावत होते. उडत्या राखेचे ठिपके बघूनच बहुधा त्यांना ते सुचलं असावं; पण सुचल्यावर ते ठिपक्यांची वाट बघत बसले नाहीत. पुढे चीनमध्येच सोंग राजवटीत लोंगछ्वान गावच्या कुंभारांनी डोंगरउतारावरच्या लांबलचक भट्ट्यांत सेलाडॉन, म्हणजे हिरव्या झिलईची भांडी, भाजली. इंधन लाकूड. झिलई थरावर थर चढवलेली, आणि भांडी सॅगरमध्ये, म्हणजे जाड मातीच्या डब्यांत बंद. कशासाठी? मुख्यतः राख लागू नये म्हणून! चीनमधल्याच जिंगदेजन शहराची पोर्सिलेनही लाकडावर, अशाच डब्यांत भाजली जायची. एक राखेचा ठिपका पडला की पांढरं भांडं बाद. मध्ययुगीन युरोपातल्या कुंभारांच्या भट्ट्या कमी तापायच्या, तिथे राख वितळेना, म्हणून ते भांड्यावर गॅलेनाची, म्हणजे शिशाच्या खनिजाची भुकटी टाकत. लाकडाचीच भट्टी, खनिजही निसर्गातलंच, आणि झिलई शिशाची. ‘जुने कुंभार हेच करत आले’ म्हणणाऱ्याने यातले नेमके कोणते कुंभार ते सांगावं.

चारपैकी तीन किटल्यांत त्या मुलीने काल आतून झिलई ओतली. एक तिने हट्टाने कोरीच ठेवली आहे, तीही चुलीच्या अगदी समोर. मी अडवलं नाही. भट्टी उघडल्यावर ती फोडून आत बघायचं आमचं ठरलं आहे.