हरणाऱ्याच्या खिशाला झळ नाही, तर निकाल कसला?

वादाला तोंड फुटलं ते प्रसादने फोन पुढे केला म्हणून. रीलमध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे न्यायाधीश फ्रँक कॅप्रिओ. समोर ९६ वर्षांचे आजोबा. शाळेजवळ गाडी जोरात हाणली म्हणून दंडाची नोटीस. आजोबा सांगतात, मुलाला कॅन्सर आहे, त्याला रक्ततपासणीला नेत होतो. मुलाचं वय ६३. कॅप्रिओ केस काढून टाकतात.

"न्यायाधीश असावा तर असा," प्रसाद म्हणाला. "ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं स्टेटस तेच होतं."

शुभांगीला हे पटणारच नव्हतं. ती शाळेत शिकवते, आठवी-नववीची मुलं तिच्या हाताखाली. "रडवणं सोपं असतं रे. न्यायाधीश बघायचा तर अमेरिकन टीव्हीवरची जज ज्यूडी बघ. समोरचा थापा मारतोय हे दुसऱ्या वाक्याला ओळखते बाई."

"ती आरडाओरडा करणारी?"

"ती कुठून आली ते माहितीये का तुला?" आणि मग तिने सगळं आयुष्यच मांडलं. ज्यूडिथ शाइंडलिन, जन्म १९४२, ब्रुकलिन. वडील दातांचे डॉक्टर. १९६५ मध्ये वकिलीची परीक्षा पास. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत वकील म्हणून लागली, कंटाळली, नोकरी सोडून मुलं वाढवत घरी बसली. १९७२ मध्ये पुन्हा उभी राहिली ती थेट न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टात सरकारी वकील म्हणून. १९८२ मध्ये महापौर एड कॉचनी तिला न्यायाधीश नेमलं आणि चारच वर्षांत ती मॅनहॅटनच्या फॅमिली कोर्टाची प्रमुख झाली. "आईबापांनी टाकलेली पोरं, मार खाल्लेली पोरं, चौदाव्या वर्षी गुन्हा करून आलेली पोरं. हे रोज, वर्षानुवर्षं. तिचा आवाज तिथे चढलाय, स्टुडिओत नाही."

यात खोट काढायला जागाच नव्हती. तिचा हा भाग लोक विसरतात याचं मलाही वाईट वाटतं. १९९३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने तिच्यावर लिहिलं, त्याच वर्षी 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्हीवरच्या बातम्यांच्या कार्यक्रमात ती झळकली, १९९६ मध्ये खुर्ची सोडली आणि त्याच सप्टेंबरात टीव्हीवर बसली. तिथे पुढची २५ वर्षं, २०२१ पर्यंत.

विनायक इतका वेळ गप्प होता. तो जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवतो. "शुभांगी, १९९६ पर्यंतचं सगळं मान्य. पण त्यानंतर ती न्यायाधीश नव्हती. लवाद होती, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेली पंच."

"फरक काय? माणसं खरी, भांडणं खरी."

"माणसं खरीच. कार्यक्रमाची मंडळी छोट्या रकमांच्या कोर्टात दाखल झालेल्या दाव्यांतून प्रकरणं निवडायची. दोघांनी सही करायची, की तिकडचा दावा मागे घेतो आणि ज्यूडीबाईंचा निवाडा मान्य करतो. पाच हजार डॉलरची मर्यादा. विमानाचं तिकीट, हॉटेल, वर हजेरीचे पैसे. मागे बसलेले प्रेक्षकसुद्धा पैसे देऊन आणलेले. हे चालेल. पण हरलेला माणूस पैसे कुठून भरायचा?"

"खिशातून. कुठून भरणार?"

"नाही. कार्यक्रम भरायचा."

प्रसादने फोन खाली ठेवला. त्याला हे माहीत नव्हतं. शुभांगीलाही नसावं, पण ती तसं म्हणाली नाही.

तेव्हा शिंदेकाका बोलले. काका कोर्टात बेलिफ होते, समन्स बजावण्यात आणि जप्त्यांमध्ये नोकरी गेली. "अहो, मग ते सोपंच आहे. आमच्याकडे निकाल लागला की खरी कटकट सुरू. हुकूमनामा हातात घेऊन माणूस घरी जातो, समोरचा दमडी देत नाही. मग दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणायचा अर्ज. मग जप्तीचं वॉरंट घेऊन आम्ही जायचो, तर घराला कुलूप. शेजारी पंच म्हणून सही करायला तयार नाहीत. टीव्ही उचलायला गेलं तर म्हणे टीव्ही मेव्हण्याचा."

"आणि हे तुम्हाला चांगलं वाटतं?" शुभांगी उसळली. "बाईने वीस मिनिटांत निकाल लावला, वादीच्या हातात पैसे आले. तुमच्या दरखास्तीत त्याची हयात जाते."

मुद्दा बिनतोड होता आणि विनायकने तो टाळला नाही. "आपली व्यवस्था रडतखडत चालते, कबूल. पण तिची झटपट चालत होती ती कायद्यामुळे नव्हे. मधला सगळा त्रास तिसऱ्याने विकत घेतला होता. हरणाऱ्याने गमवायचं काय, तर चारचौघांतली अब्रू. तीच तर दाखवायची होती. वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर त्याचे मिळायचे, चित्रीकरण ५२ दिवस."

पैशाचा विषय निघाल्यावर शुभांगीचा चेहरा उलट खुलला. तिने पाकिटाची गोष्ट सांगितली. दर तीन वर्षांनी करार संपत आला की ज्यूडी टीव्ही कंपनीच्या प्रमुखाला हॉटेलात जेवायला भेटायची आणि आपले आकडे लिहिलेलं पाकीट पुढे सरकवायची. एकदा त्यानेही स्वतःचं पाकीट आणलं होतं. तिने ते उघडलंच नाही. उघडलं तर वाटाघाटी सुरू होतील, म्हणाली. हे तिने स्वतः शपथेवरच्या जबाबात सांगितलंय. "हॉलीवूडमध्ये बाईमाणसाला असं बोलता येतं का?"

नाही येत. ती हिंमत माझ्याही डोक्यातून जात नाही.

पण मला विचाराल तर सगळ्या वादाची किल्ली वेगळ्याच प्रकरणात आहे. एक जोडी तिच्यापुढे वस्तूंच्या वाटणीचं भांडण घेऊन आली. तिने वस्तूंचा निवाडा दिला आणि त्याच दमात मूल कुणाकडे राहील, कुणी कधी भेटायचं तेही ठरवून टाकलं. प्रकरण पुढे ब्रुकलिनच्या, तिच्या जन्मगावच्या, फॅमिली कोर्टात गेलं. कोर्टाने मुलाबद्दलचा भाग रद्द केला. लवादाच्या करारात मुलाचा ताबा नव्हताच, मग तो अधिकार आला कुठून? ज्या बाईने खऱ्या खुर्चीत बसून मुलांचेच निवाडे दिले, तिला हे समजत नसेल असं मी मानत नाही. पण अंगावर झगा होता, हातोडा होता, समोर माणसं माना खाली घालून उभी होती. खुर्चीला जे कुंपण असतं, पुराव्याचं, अपिलाचं, वरच्या कोर्टाचं, ते तेवढं स्टुडिओत नव्हतं.

मी हे म्हटल्यावर शुभांगी थोडी थांबली आणि प्रसादकडे वळली. "मग तुझे कॅप्रिओ? भावानेच कॅमेरा लावला होता कोर्टात. कॅमेऱ्यासमोर माफी देणं कोणालाही जमेल."

"माफी खरी होती," विनायक म्हणाला. "१९८५ पासून २०२३ पर्यंत ते शहराच्या कोर्टात होते. प्रकरणं पार्किंगची, सिग्नल तोडल्याची, अगदी किरकोळ. पण दंड केला असता तर त्या आजोबांना भरावाच लागला असता. तिथे चॅनेल भरत नव्हतं."

"वाहतुकीच्या पावतीवर उदार व्हायला काय जातं? पोराला मारझोड करणाऱ्या बापासमोर बसव त्यांना. मग बघू."

यावर विनायककडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. काकांनी मात्र विषय सोडला नाही. "पण बाई, समजा घरमालकाने माझं डिपॉझिट खाल्लं. तुमच्या ज्यूडीने त्याला झापलं, पैसे मला कार्यक्रमाने दिले. म्हणजे माझं डिपॉझिट त्याच्याकडेच राहिलं ना?"

"तुम्हाला पैसे मिळाले ना, काका?"

"मला मिळाले. पण माझ्यानंतर त्या खोलीत जो राहायला येईल, त्याला कोण देणार?"