पिवळ्या रेघांचा बंदोबस्त
ऐरोलीच्या कार्यालयात सकाळी फाइल उघडताच प्रत्येक कंपोनंटखाली (अ‍ॅपच्या स्क्रीनचा एकेक तुकडा) पिवळ्या रेघा दिसल्या आणि लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका व शैली तपासणारे साधन, 'मस्ट यूज डीस्ट्रक्चरिंग प्रॉप्स असाइनमेंट' असे बजावू लागला, तर आपण त्याचा अर्थ समजून घेण्याच्या फंदात पडू नये. जागोजागी 'धिस.प्रॉप्स' (प्रॉप्स म्हणजे कंपोनंटला बाहेरून मिळालेल्या गोष्टी) लिहिण्याऐवजी हवी ती नावे वरच्या ओळीत महिरपी कंसात एकदाच सुटी करून घ्यावीत, एवढेच त्याचे म्हणणे असते. नियम शैलीचा आहे. तो नको असेल, तर गटाने एकत्र बसून नियमावलीतून काढून टाकावा हा सभ्य मार्ग झाला. पण त्यासाठी बैठक घ्यावी लागते.

त्यापेक्षा फाइलीच्या माथ्यावर 'ईएसलिंट-डिसेबल' (ईएसलिंट हे या लिंटरचे नाव) अशी टिप्पणी लिहावी आणि पुढे नियमाचे नाव लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत, म्हणजे त्या फाइलीपुरते सगळेच नियम गप्प होतात. शेजारच्या टीव्हीचा आवाज नको म्हणून अख्ख्या इमारतीची वीज तोडण्याचे समाधान यात आहे. निकोलस झाकस यांनी २०१३मध्ये ईएसलिंट सुरू केले, तेव्हा नियम बंद करण्याची सोय काय उगीच ठेवली?

प्रामाणिकपणाची हौसच असेल, तर घणसोली ते ठाणे या लोकलच्या प्रवासात मांडीवर लॅपटॉप घेऊन 'धिस.प्रॉप्स.' हा मजकूर सर्वत्र शोधून पुसून टाकावा. मी हेच केले. नावे सुटी करणारी ओळ एका मेथडमध्ये घालायची राहिली. पण 'फेचऑर्डर्स' याच नावाचे रिडक्सचे (अ‍ॅपची माहिती 'स्टोअर'मध्ये एकत्र ठेवणाऱ्या लायब्ररीसाठीचे) फंक्शन फाइलीत वर इम्पोर्ट केलेले असल्यामुळे लिंटरला ते नाव ओळखीचेच वाटले. प्रॉप्समधून आलेले फंक्शन अ‍ॅक्शन (काय घडवायचे त्याचा निरोप) स्टोअरकडे पाठवते, इम्पोर्ट केलेले नुसते अ‍ॅक्शन तयार करून हातात देते; त्यामुळे अ‍ॅप कोसळले नाही, त्रुटी आली नाही, फक्त ऑर्डरची यादी कोरी राहिली. राहिलेली ओळ घातली असती, तर इम्पोर्टचे नाव झाकले जाते अशी नवी वॉर्निंग आली असती आणि प्रॉपला दुसरे नाव द्यावे लागले असते. एवढा खटाटोप कशासाठी?

टेस्टिंगवाल्या ताईंनी फोन समोर धरून कोरी यादी दाखवली, तर आधी त्यांना नेटवर्क तपासायला सांगावे, मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगावे, आणि त्या वायफाय बदलायला खिडकीकडे गेल्या की तेवढ्यात शून्य वॉर्निंगचा स्क्रीनशॉट साहेबांना पाठवून द्यावा.